मी लाल रंग लावला त्याची हकीकत

तीर्थस्वरूप थोरल्या मामांना,

तुमच्या भाचीचा वाकून नमस्कार. (वाकले आहे ते मनातल्या मनात. प्रत्यक्षात खुर्ची सोडता येत नाही. आमच्या ऑफिसात कुणाचीच जागा ठरलेली नाही. पाणी प्यायला उठलं तरी परत येईपर्यंत दुसऱ्याच विभागाचा एखादा गृहस्थ तिथे पिढीजात वहिवाट असल्यासारखा बसलेला असतो.) मी इथे खुशाल आहे, आणि या वेळी हा शब्द नीट विचार करून लिहिला आहे. तुमचा गुडघा काय म्हणतो? मामींनी दिलेलं तेल तुम्ही गुडघ्याला लावता की गॅरेजच्या शटरला, असं आई विचारत होती. मामींना नमस्कार सांगा. गॅरेजमधल्या मंडळींनाही सांगा, पण हे पत्र त्यांना वाचून दाखवू नका. मागच्या पत्रातली माझी डोकेदुखी तुम्ही एका गिऱ्हाइकाला ऐकवलीत आणि त्याने ब्रेक दुरुस्त होईपर्यंत बसून तीन औषधं सुचवली, ती तुम्ही मला तिन्ही लिहून पाठवलीत. त्यांचे आभार, पण एकाने दुसऱ्याचं काम बिघडतं असं कळलं.

तुम्ही फोनवर म्हणालात, "तू बोलतेस ते कंपनीच्या जाहिरातीसारखं वाटतं. काय खरं ते लिहून कळव." मला तेव्हा रागच आला होता. मग मी ऑफिसच्या आरशासमोर उभी राहून स्वतःशी बोलून पाहिलं, तर खरंच जाहिरातीसारखं वाटलं. म्हणून आता सगळं बयाजवार लिहिते. आज लिहिता येतं आहे, कारण आज माझा जीव भांड्यात पडला आहे. तो भांड्याबाहेर कसा गेला होता, तिथून सुरुवात करते.

आमची कंपनी फार मोठी आहे हे तुम्हाला ठाऊक आहे. किती मोठी, हे मलाही ठाऊक नाही. ती स्वतः काही बनवत नाही. दुसऱ्या कंपन्यांत जाऊन, तुमचं काम असं करा, तसं करा, असा सल्ला देते आणि त्या कामासाठी संगणकाची प्रणाली उभी करून देते. बाबांना हे अजून पचलेलं नाही. आम्ही सध्या गाद्या बनवणाऱ्या एका कंपनीचं काम करतो असं मी सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "म्हणजे ज्यांना गादी शिवता येते त्यांना, ज्यांना येत नाही ते शिकवणार?" मी म्हटलं, शिवायला नाही बाबा, कुठल्या गोदामातली गादी कुठल्या दुकानात पाठवायची ते संगणक ठरवणार. त्यावर ते म्हणाले, "मग आजवर त्या गाद्या काय रस्ता चुकत होत्या?" हे मी आमच्या साहेबांनाही विचारून पाहिलं, उत्तराची अजून वाट बघते आहे.

आता आईची अट तुम्हाला माहीतच आहे, कारण ती तुमच्यासमोरच घातली गेली: सहा महिने कंपनी पारखून घेणार, त्यानंतर कायम केलं तर राहा, नाही केलं तर मुकाट्याने घरी यायचं आणि पाणीपुरवठा कार्यालयातली कारकुनाची जागा धरायची. आईचा या काचेच्या इमारतीवर पहिल्यापासूनच विश्वास नाही. ("ज्या नोकरीत हाताला काही लागत नाही ती नोकरी हातची कधीही जाईल.") आणि माझं म्हणाल, तर घरातली पहिली पदवीधर म्हणून गल्लीने ज्या थाटात मला निरोप दिला, त्या थाटाकडे पाठ फिरवून बिलं फाडायला परत यायचं, ही कल्पनाही मला नको होती. मला या कंपनीत राहायचंच होतं. पगारासाठी नाही हो (पगारासाठीही), पण मला तिचं सगळं खरं वाटलं होतं. पहिल्या दिवशी एक पिशवी, एक बाटली आणि एक पुस्तिका मिळते. पुस्तिकेत कंपनीची पाच मूल्यं छापलेली असतात. बाकीच्यांनी बाटली घेतली आणि पुस्तिका खुर्चीवर ठेवली. मी पाठ केली. शेवटी परीक्षा झाली तेव्हा पैकीच्या पैकी गुण मिळवणारी मी एकटीच निघाले, आणि परीक्षा घेणाऱ्या बाई माझ्याकडे जरा काळजीने बघू लागल्या. तिसरं मूल्य "पारदर्शकता". ते जेवणाच्या दालनात भिंतभर निळ्या अक्षरांत लिहिलेलंही आहे, हात धुवायच्या जागेच्या बरोबर वर, त्यामुळे दिवसातून दोनदा तरी नजरेस पडतंच.

आमच्या साहेबांचं नाव सांगून उपयोग नाही, कारण त्यांना सगळे "होऊन जाईल" म्हणूनच ओळखतात. काहीही विचारा, ते डोळे किंचित मिटून म्हणतात, "होऊन जाईल." माणूस वाईट नाही. कुणावर आवाज चढवत नाहीत, सगळ्यांच्या वाढदिवसाला स्वतः मेणबत्ती आणतात. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला बोलावून विचारलं, आधी कुठे काम केलं आहेस का? मी म्हटलं, नाही सर, सुट्टीत मामांच्या गॅरेजमध्ये बसायचे, पाने आणि नटबोल्ट आकाराप्रमाणे डब्यांत लावायचे. ते "वा!" म्हणाले. मला वाटलं, साध्या कष्टांची कदर करणारा माणूस आहे. दोन दिवसांनी गादीवाल्या कंपनीला आमच्या चमूची माहिती गेली, तीत माझ्या नावापुढे छापलं होतं: वाहन उद्योगातील सुट्या भागांच्या साठवण व्यवस्थापनाचा प्रदीर्घ अनुभव. मामा, तो वाहन उद्योग म्हणजे तुम्ही.

मग पहिली बैठक. गादीवाल्या कंपनीकडून या कामाच्या प्रमुख म्हणून एक बाई येतात. पांढरे केस, ताठ मान, आणि समोरचा बोलायचा थांबल्यावरही क्षणभर त्याच्याकडे बघत राहायची सवय, त्यामुळे समोरच्याला आणखी काहीतरी बोलावंच लागतं. आम्ही त्यांना आपसांत "गादीबाई" म्हणतो. त्यांच्याइतकं कमी मऊ कुणी नसेल. त्यांनी कागद बघितला, मग मला विचारलं, "तुमचा गाद्यांशी काय संबंध आलाय आजवर?" आणि बघत राहिल्या. साहेब माझ्याकडे बघून मान हलवत होते. मान आडवी हलवत होते की उभी हे मला कळलं नाही, म्हणून मी जे खरं होतं ते सांगितलं. म्हटलं, घरी तीन आहेत, एक पाहुण्यांसाठी. आणि साठवण व्यवस्थापन म्हणजे मामांचे नटबोल्ट. साहेबांना त्याच वेळी पाण्याचा ठसका लागला. गादीबाई हसल्या नाहीत, पण त्यांनी त्यांच्या वहीत काहीतरी लिहिलं आणि त्याखाली रेघ मारली. दुसऱ्या दिवसापासून मला बैठकांतून काढून साप्ताहिक अहवालावर बसवण्यात आलं. म्हणजे हात दाखवून अवलक्षण.

साप्ताहिक अहवाल हे काय प्रकरण आहे ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण त्यावरच घडलं. दर शुक्रवारी दुपारी एक पान जातं. दोन्ही कंपन्यांच्या झाडून सगळ्या साहेबांना, म्हणजे चाळीसेक लोकांना. (गादीवाल्या कंपनीकडूनही त्यांच्या तयारीचं असंच एक पान येतं.) त्यावर मजकूर असतो, पण मजकूर कुणी वाचत नाही. पानाच्या डोक्यावर एक गोल असतो, तो बघतात. गोल हिरवा, म्हणजे काम ठरल्याप्रमाणे चाललं आहे. पिवळा, म्हणजे अडचण आहे. लाल, म्हणजे काम वेळेवर होणार नाही, थांबा आणि विचार करा. रंग लावणं हेच माझं काम. मी पहिल्यांदा साहेबांना विचारलं, कुठला रंग लावू? ते म्हणाले, "हिरवा, अजून कुठला?" मी म्हटलं, काम तपासून ठरवायचं ना? ते म्हणाले, "तपास की. तपास, आणि हिरवा लाव."

माझ्या शेजारी बसणारी ताई (ती माझी कुणी नाही, पण इतकी वर्षं इथे आहे की सगळ्यांची ताई झाली आहे) मला म्हणाली, "अगं, पिवळ्यासाठी तीन साहेबांची परवानगी लागते. लाल मी माझ्या आख्ख्या नोकरीत एकदाच पाहिला, आणि तो लावणारा माणूस आता फुलांची रोपं विकतो." मी विचारलं, त्याला काढलं का? "नाही गं, स्वतःच गेला. सुखी आहे म्हणे. मला एक जास्वंद दिली त्याने."

मी तपास सुरू केला. दर गुरुवारी एकेकाच्या जागेपाशी (म्हणजे त्या दिवशी तो जिथे सापडेल तिथे) जायचं आणि विचारायचं, तुमचं काम कुठवर आलं? सगळ्यांचं एकच उत्तर: "जवळजवळ झालंय." पुढच्या गुरुवारी गेलं तरी जवळजवळ झालंय. त्याच्या पुढच्याही. एकदा मी एकाला म्हटलं, दादा, गेले काही आठवडे तुमचं जवळजवळच होतंय, पूर्ण कधी होणार? तो दुखावला. म्हणाला, "जवळजवळ होणं सोपं असतं का?" मी अहवालावर हिरवा गोल लावत राहिले, आणि प्रत्येक शुक्रवारी हात धुताना वर न बघता धुवायला शिकले.

आणि मग चाचणी झाली. प्रणाली खरोखर सुरू करायला तीन आठवडे उरले होते, म्हणून खोट्या मागण्या घालून बघायचं ठरलं. पहिली मागणी: एका दुकानाला एक उशी. प्रणालीने बराच विचार केला आणि त्या उशीसाठी एक आख्खा ट्रक काढला. दुसरी मागणी: दोन दुकानांना पन्नास पन्नास गाद्या. तिने शंभरच्या शंभर एकाच दुकानाला पाठवल्या आणि दुसऱ्या दुकानाला कळवलं की माल पोचला आहे, सही करा. तिसऱ्या मागणीत एक डबल बेड गादी होती. ती तिने अर्धी एका गोदामातून आणि अर्धी दुसऱ्या गोदामातून रवाना केली. मी साहेबांना जाऊन सांगितलं. त्यांनी डोळे किंचित मिटले. मी म्हटलं, सर, गादी अर्धी अर्धी जातेय. ते म्हणाले, "पोचल्यावर जोडतील." मग त्यांनाही ते ऐकून कसंतरी झालं असावं, कारण ते घाईने म्हणाले, "होऊन जाईल गं. अजून तीन आठवडे आहेत."

तो शुक्रवार. साहेब दुसऱ्या एका गिऱ्हाइकाकडे गेले होते आणि त्यांचा फोन लागत नव्हता. अहवाल चारला जायलाच हवा होता. मी मजकूर लिहिला: उशी, ट्रक, अर्धी गादी, सगळं. वर गोलापाशी आले. मामा, मी तुम्हाला खरं सांगते, मी काही शूर वगैरे नाही. मी आधी हिरवा लावला. मग वाचून पाहिलं. वर हिरवा गोल आणि खाली "गादी दोन भागांत रवाना झाली". हे असं पान माझ्या नावाने चाळीस लोकांना जाणार. आपल्या गॅरेजमध्ये एखाद्या गाडीचे ब्रेक लागत नसताना तुम्ही ती गिऱ्हाइकाला पुसून, चकचकीत करून दिली असती का? त्या शंभर गाद्या खऱ्या दुकानाच्या दारात उतरल्या असत्या, तर तिथल्या माणसाने दुकानात शिरायचं तरी कुठून? मी पिवळा लावून पाहिला. पिवळ्याला तीन परवानग्या लागतात, आणि तिघांपैकी एकही साहेब जागेवर नव्हता. लालला किती लागतात ते कुठेच लिहिलेलं नव्हतं, कारण तो कुणी लावेल असं कुणाला वाटलंच नव्हतं. म्हणून मी लाल लावला. पाठवला. मग बाटलीतलं सगळं पाणी प्याले.

पहिली काही मिनिटं काही झालं नाही. मग दालनातले फोन वाजू लागले. आधी एक, मग दोन, मग सगळे, लग्नघरात भांडी पडावीत तसे. गंमत म्हणजे, एकानेही अर्ध्या गादीबद्दल विचारलं नाही. सगळ्यांना गोलाचंच पडलं होतं. सगळ्यात आधी संगणक दुरुस्तीवाला आला आणि माझा पडदा तपासू लागला. त्याला वरून निरोप होता की या मुलीच्या पडद्यावर रंग चुकीचे दिसतायत. त्याने मला एक हिरवं चित्र दाखवून विचारलं, "हा कोणता?" मी म्हटलं, हिरवा. "आणि हा?" लाल. तो बिचारा म्हणाला, "मग बिघाड माझ्या खात्यातला नाही," आणि निघून गेला. त्यानंतर कर्मचारी विभागातल्या बाई (त्याच, परीक्षा घेणाऱ्या) आल्या, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूच विचारलं, "घरी सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, हो, मामांचा गुडघा सोडला तर. त्यांनी ते लिहून घेतलं. म्हणजे तुमचा गुडघा आता आमच्या कंपनीच्या दप्तरी आहे.

मग साहेब आले. पळत आले होते. त्यांना पळताना मी पहिल्यांदाच पाहिलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. खुर्ची ओढून समोर बसले आणि रडवेल्या आवाजात म्हणाले, "लाल? अगं, निदान विचारायचं तरी."

"फोन लागत नव्हता, सर."

"मग थांबायचं."

"अहवाल चारला जायचा होता, सर. तुम्हीच म्हणता, बाकी काही चुकलं तरी अहवालाची वेळ चुकता कामा नये."

त्यांनी डोळे मिटले, या वेळी किंचित नाही, पूर्ण. मग म्हणाले, "दुसरा पाठव. लिही की चुकून बटण दाबलं गेलं." मी म्हटलं, पाठवते सर, ती उशी ट्रकशिवाय गेली की लगेच पाठवते. हे मी उद्धटपणे म्हटलं नाही, मला खरोखरच तसं वाटत होतं. पण शेजारच्या ताईने कपाळाला हात लावला. साहेब उठले आणि जाता जाता एवढंच म्हणाले, "सोमवारी गादीबाई येतायत. बुधवारी तुझा कायम होण्याचा निकाल आहे. बघ बाई." आजवर "होऊन जाईल" म्हणणारा माणूस "बघ बाई" म्हणाला, यातच सगळं आलं.

शनिवार-रविवार कसे गेले ते विचारू नका. आई फोनवर म्हणाली, "कसं चाललंय?" मी म्हटलं, "चाललंय." ती म्हणाली, "जेवतेस ना?" मी म्हटलं, "जेवते." मी मनातल्या मनात पाणीपुरवठ्याच्या खिडकीमागे जाऊन बसले होते. तिथे बिलांचा रंग कोणता असतो याचाही विचार करून झाला.

सोमवारी बैठकीत मला बोलावलं. लांबलचक टेबल. एका बाजूला आमचे सगळे, त्यांत मी कधी न पाहिलेले मोठे साहेब, आणि त्यांच्याही मागे, त्यांचे कोण कोण. दुसऱ्या बाजूला गादीबाई आणि त्यांची दोन माणसं. बाईंनी अहवाल छापून आणला होता. तो त्यांनी टेबलाच्या मधोमध ठेवला आणि विचारलं, "हा लाल कुणी लावला?" मामा, एवढ्या मोठ्या कंपनीत एखाद्या गोष्टीवर सगळ्यांचं इतक्या लवकर एकमत होताना मी कधी पाहिलं नव्हतं. सगळी बोटं माझ्याकडे.

"मी," मी म्हटलं.

"नटबोल्टवाली ना तू?"

"हो."

बाई नेहमीसारख्या बघत राहिल्या. मीही बघत राहिले, कारण आणखी बोलायला माझ्याजवळ काही नव्हतं. मग त्या खुर्चीत मागे टेकल्या. त्यांना टेकलेलं मी प्रथमच पाहिलं. म्हणाल्या, "सुटले बाई एकदाची."

मग जे काही झालं ते ऐका. बाई म्हणाल्या, आमच्या दोन गोदामांत अजून संगणकच पोचलेले नाहीत. तिसऱ्यात पोचलेत, पण ते लावायचे कुठे यावर भांडण चालू आहे. माणसांना शिकवायचं तर सुरूही झालेलं नाही. साहेबांनी घसा खाकरून विचारलं, मग मॅडम, तुमच्या बाजूचा अहवाल दर आठवड्याला हिरवा कसा येत होता? त्या म्हणाल्या, "तुमचा हिरवा यायचा म्हणून! तुम्ही तयार आणि आम्ही नाही, हे आमच्या मालकांना कुठल्या तोंडाने सांगू?" आणि साहेब, आमचे साहेब, ज्यांनी आजवर एक वाक्य सोडून दुसरं वापरलं नव्हतं, ते टेबलावर हात आपटून म्हणाले, "अहो, आम्ही तुमचा बघून हिरवा लावत होतो!"

मग गादीबाईंच्या शेजारच्या माणसाला हसू फुटलं, आणि ते दाबायच्या प्रयत्नात त्याच्या हातून पाण्याचा पेला कलंडला. त्यानंतर धरण फुटावं तसे सगळे बोलायला लागले. जवळजवळवाला दादा उठून म्हणाला, माझं निम्मंच झालंय. दुसरा म्हणाला, माझं तर याच्या पुढचं आहे, म्हणजे सुरूच नाही. जो तो आपापलं पाप दुसऱ्याच्या पापापेक्षा मोठं करून सांगू लागला, जणू कुणाचं जास्त राहिलंय याची शर्यत लागली होती. मोठे साहेब टिपून घेता घेता दमले. गादीबाई म्हणाल्या, गाद्यांच्या धंद्यात उभं आयुष्य गेलं, पण गेले चार महिने मला गादीवर पडून झोप लागली नाही. शेवटी ठरलं की काम तीन महिने पुढे ढकलायचं. हे ऐकून माणसं अशी खुलली की बाहेरून बघणाऱ्याला वाटावं, काम पूर्ण झालं.

बैठक संपल्यावर साहेबांनी मला स्वतःच्या हाताने यंत्रातला चहा आणून दिला. म्हणाले, "छातीत काहीतरी अडकल्यासारखं वाटायचं गं. डॉक्टरकडे जाणार होतो. आता बघ, काही नाही." आणि त्यांनी खरोखर एक मोठा श्वास घेऊन दाखवला. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. ते बरं वाटणं संध्याकाळपर्यंत टिकलं, कारण संध्याकाळी सगळ्या कंपनीला एक निरोप आला: योग्य वेळी धाडसी निर्णय घेऊन कामाची नाव वाचवल्याबद्दल साहेबांचं हार्दिक अभिनंदन. मी ताईला दाखवला. ती म्हणाली, "अगं खुळे, बातमी वाईट होती तोवर तुझी होती. चांगली झाली की ती वर जाते. वाफेसारखं असतं ते." मला वाईट वाटायला हवं होतं. पण खरं सांगते, मामा, वाटलं नाही. त्या अर्ध्या गाद्या आता रस्त्यावर येणार नाहीत, एवढ्यावर मी तृप्त होते. (आणि साहेबांनी दुसऱ्या दिवशी कुणाचाही वाढदिवस नसताना मेणबत्ती आणली. कशासाठी, ते बोलले नाहीत. माझ्यासमोर ठेवली आणि गेले.)

बुधवारी मला कायम केलं. कर्मचारी विभागातल्या बाईंनी निकाल वाचून दाखवला. कामाची तळमळ: उत्तम. मूल्यांचं ज्ञान: अतिउत्तम. सुधारणेला वाव: रंग बदलण्यापूर्वी वरिष्ठांना कळवावे. मग त्यांनी विचारलं, मामांचा गुडघा कसा आहे? म्हणून मी या पत्राच्या सुरुवातीलाच विचारलं, उत्तर जरूर कळवा, नोंद पूर्ण करायची आहे त्यांना. मी बाहेर आले, जिन्यात कुणी नव्हतं, तिथे बसून जरा रडले, मग हसले, मग खाली जाऊन चांगलं पोटभर जेवले. हात धुताना वर भिंतीकडे नीट मान वर करून पाहिलं. त्या निळ्या अक्षरांतलं एक पुसट झालंय, हे इतक्या दिवसांत माझ्या लक्षात आलं नव्हतं.

आता एकच नवी पीडा मागे लागली आहे. दुसऱ्या कामांवरचे लोक हळूच माझ्यापाशी येतात, इकडेतिकडे बघतात आणि म्हणतात, "आमचंही जरा लाल करून देतेस का?" मी म्हणते, तुमचं तुम्ही करा. ते म्हणतात, तू सरावलेली आहेस. वाईट बातमी सांगायला सराव लागतो अशी सगळ्यांची समजूत आहे. मी त्यांना सांगते, काही लागत नाही हो, नुसतं तोंड उघडायचं. जे आहे ते आहे म्हणायचं. समोरचं माणूस आपल्याला वाटतं तितकं कच्चं नसतं. हे मी आता अनुभवावरून, छातीवर हात ठेवून सांगू शकते, आणि याचसाठी एवढं पाल्हाळ लावलं.

पत्र लांबलं, क्षमा असावी. गुडघ्याला जपा. मामींना पुन्हा नमस्कार.

तुमची,
आता कायम झालेली भाची

ता. क. साहेबांचं टोपणनाव मी पत्रात लिहिलं आहे ते कृपया कुणाला सांगू नका. त्यांना ते माहीत नाही. किंवा माहीत आहे आणि ते तसं दाखवत नाहीत, हेही शक्य आहे.

आणखी एक. खरं तर या पत्राचं कारण हे आहे. मी कायम झाले, हे आईला अजून सांगितलेलं नाही. आज तिसरा दिवस. रोज फोन करते, "चाललंय" म्हणते आणि ठेवते. कसं सांगू, मामा? मी परत येणार, असंच ती धरून चालली आहे. परवाच म्हणाली, तुझ्या खोलीची खिडकी रोज उघडून ठेवते, हवा खेळती राहायला हवी. माझ्यासाठी ही आनंदाची बातमी, पण तिच्यासाठी लेक कायमची लांब गेली, हीच बातमी. माझं तोंडच उघडत नाही. तुम्ही तिचे थोरले भाऊ, तुमचं ती ऐकते. तेव्हा तुम्ही एकदा घरी जा, चहा घ्या, आणि बोलता बोलता हळूच घालून टाका तिच्या कानावर. तिचं रडून झालं की मला कळवा, मग मी फोन करते. एवढं माझ्यासाठी कराच.

शेवटचं. पाकीट चिकटवत होते तेवढ्यात आईचाच फोन आला. म्हणाली, "एक सांगायचंय, रागावू नकोस. तुझी खोली मी दिलीय."

"कुणाला?"

"दवाखान्यातल्या नर्सबाईंना. चार महिने झाले. फार चांगल्या आहेत गं, खिडकी उघडी लागते त्यांना. आणि ती पाणीपुरवठ्याची जागा तर कधीच भरली. मीच कार्यालयात सांगितलं, द्या दुसऱ्या कुणाला, आमची काही परत येत नाही. तू आस लावून बसली असशील, तुझं मन मोडायचं कसं, म्हणून बोलले नाही."

मी म्हटलं, आई, मी कायम झाले. ती म्हणाली, "मग हे आधी नाही का सांगायचं?" आणि आम्ही दोघी किती वेळ हसत होतो कोण जाणे. सगळं झाल्यावर फोन ठेवता ठेवता ती म्हणाली, "खरं तर हे मी तुझ्या थोरल्या मामाला सांगितलं होतं, तू सांग तिला म्हणून. चार महिन्यांपूर्वीच. तो म्हणाला, होय, सांगतो."

मामा! चार महिन्यांत तुम्ही मला तीन पत्रं लिहिलीत. तिन्ही गुडघ्यावर, एकात वर ती तीन औषधं. आमच्या कंपनीत तुमच्यासारख्या अनुभवी माणसांना फार मागणी आहे. साहेबांशी बोलून ठेवू का?